०.४२९ ही कसली ‘सरासरी’?

दुपारचा चहा
दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या सुरुवातीच्या बेसबॉलवरचा एक लेख भाषांतरित करतेय. परवा मसुदा सासऱ्यांना वाचायला दिला. त्यांचं अर्धं आयुष्य क्रिकेटच्या धावफलकासमोर गेलंय. वाक्य असं होतं: ‘१८७६ साली नॅशनल लीगच्या पहिल्याच मोसमात शिकागोच्या रॉस बार्न्सने ०.४२९ च्या सरासरीने फलंदाजीत अव्वल क्रमांक पटकावला.’ सासरे चष्मा कपाळावर सारून म्हणाले, “अगं, अर्धी धावसुद्धा नाही! आणि हा पहिला? बाकीचे काय गवत उपटत होते का?”

आता हसू येतंय, पण अडचण खरी आहे. बार्न्स ३२२ वेळा खेळायला उभा राहिला, त्यात १३८ वेळा फटका मारून सुखरूप बेसवर, म्हणजे धावत गाठायच्या ठरलेल्या जागेवर, पोचला. १३८ भागिले ३२२. धावांचा यात संबंधच नाही. मराठी वाचक ‘फलंदाजीची सरासरी’ वाचली की धावाच मोजणार. मग ‘बॅटिंग अ‍ॅव्हरेज’ला काय म्हणू? आणि जमलं तर ‘अ‍ॅट बॅट’ला, म्हणजे फलंदाजाच्या एकेका संधीला, पण सुचवा.

खडूफळा
ताई, सरासरीच म्हणा. हा गणितातला शब्द आहे, क्रिकेटने विकत घेतलेला नाही. आणि गंमत अशी की बेसबॉलवाल्यांनी ही कल्पना क्रिकेटकडूनच उचलली. ती आणणाऱ्यांतला हेन्री चॅडविक हा मूळचा इंग्लंडमधल्या एक्सेटरचा, १८२४ चा जन्म. न्यूयॉर्कमध्ये आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा, मग बेसबॉलकडे वळला. सुरुवातीला फलंदाजाची सरासरी म्हणजे दर सामन्यामागे धावा, आणि ती दशांशात नाही, भागाकार आणि बाकी अशी मांडत! बार्न्सच्या १८७६ मधल्या ६६ सामन्यांत १२६ धावा आहेत. त्या जुन्या रीतीने लिहायचं तर ‘१, बाकी ६०’. चौथीच्या वर्गात बाकी लिहायला विसरणाऱ्यांचा मी कान धरायचो, ते आठवलं.

शून्यशेष
गुरुजी, तुमच्याच उदाहरणाने तुमचा मुद्दा पडतो. दर सामन्यामागे धावा, ही सरासरी. पण १८७० च्या दशकात अंशात धावांऐवजी फटके आले आणि छेदात सामन्यांऐवजी खेळायला मिळालेल्या संधी आल्या. एका संधीत फटका एक तरी होतो नाहीतर शून्य. हे गुणोत्तर झालं, यशाचं प्रमाण. ‘सरासरी’ हे नाव जुन्या पाटीसारखं दारावर तसंच राहिलं, आत भाडेकरू दुसरा. आपण ती चूक मराठीत का आणायची?

माझी सूचना: दशांश टाकून द्या. तिकडे छापतानाही आधीचं शून्य गाळतात आणि वाचताना चारशे एकोणतीस म्हणतात. आपल्याकडे ‘दर हजारी’ आहेच, जनगणनेत दर हजारी मुली मोजतो तसं. ‘दर हजारी ४२९ फटके.’ सासरे हसणार नाहीत.

खडूफळा
एक आणि शून्यांचीही सरासरी निघते, शून्यशेषराव. सहावीचं गणित आहे.

शून्यशेष
निघते. पण क्रिकेटची ‘सरासरी’ तरी शुद्ध कुठे आहे? नाबाद डावातल्या धावा अंशात घ्यायच्या आणि तो डाव छेदातून गाळायचा! ब्रॅडमनच्या ९९.९४ ला तुम्ही सहावीत पास केलं नसतं.

वऱ्हाडी ठेचा
एवढं डोकं काहून खाजवता? आमच्याकडे आणेवारी आहे ना. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, त्यातलं हाती किती आलं ते तलाठी लिहितो. आता सरकारी कागदावर पैसेवारी म्हणतात, पण बाप्पा आजही आणेवारीच विचारतो. बार्न्सची आणेवारी सात आण्याला जराशी कमी. पैसेवारी ४३. आमच्या गावाची पैसेवारी ५० च्या खाली आली की दुष्काळ धरायचे, अन् हा ४३ वर चॅम्पियन! लेखात हे टाकाच ताई.

मोडीवाचक
‘सरासरी’बद्दल. हा फारसीतला ‘सरासर’, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकंदरीत. माझी आजी बाजारात ‘सरासरी भाव काय?’ विचारायची तेव्हा तिला भागाकार नको असायचा. निवडून नाही, लहानमोठं सगळं मिळून काय देतोस, असा तो अर्थ. त्यामुळे गणिताची मालकीही नंतरची.

माझा खरा आक्षेप ‘फटका’ला आहे. मराठीत फटका मारतात तसा बसतोही: पावसाचा फटका, महागाईचा फटका. शिवाय बेसबॉलमध्ये नुसता चेंडू टोलवला म्हणजे ‘हिट’ होत नाही. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे बेस मिळाला तर तो हिटमध्ये धरत नाहीत. विटीदांडूतला ‘टोला’ घ्या. टोला मारला की मारणाराचंच कर्तृत्व. ‘टोलेवारी’ म्हणा, वऱ्हाडी भाऊही खूश.

बेस नंबर दोन
शाळेत पाच वर्षं सॉफ्टबॉल खेळले, जिल्ह्यापर्यंत. मैदानावर एकाही मुलीच्या तोंडून ‘टोला’ ऐकला नाही. हिट, आउट, बेस, होम. बाई ओरडायच्या, “हिट मार आणि पळ, मागे बघू नको!” ‘टोला हाण आणि धाव घे’ म्हणाल्या असत्या तर आम्ही हसून तिथेच बसलो असतो. ज्यांनी बॅट कधी हातात धरली नाही त्यांनाच शब्द घडवायची हौस फार.

मोडीवाचक
‘फलंदाज’ही कुणीतरी घडवलाच ना? फळीला ‘गोलंदाज’, ‘तिरंदाज’मधलं फारसी शेपूट लावलं. गोलंदाज तर मुळात तोफेचा गोळा डागणारा. त्यालाही तेव्हा कुणी हसलंच असेल. आज बातमीदार तो शब्द झोपेतही वापरतात.

खाडीपलीकडची
कॅलिफोर्नियातून. लेक लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉलमध्ये, खेळतो. माझ्या आईला गेल्या उन्हाळ्यात सामन्याला नेलं होतं. चार चेंडू झोनच्या, म्हणजे फलंदाजासमोरच्या ठरलेल्या चौकटीच्या, बाहेर गेले आणि पोरगा बॅट टाकून निवांत पहिल्या बेसकडे चालायला लागला. आई घाबरली, “अगं, रुसून घरी निघाला का?” तर ‘वॉक’ला काय म्हणायचं तेही ठरवा.

आणि हा वॉक त्या जुन्या आकड्यांमध्ये फार गोंधळ घालतो बरं. १८८७ साली, त्या एकाच वर्षी, वॉक चक्क हिट म्हणून मोजला. सेंट लुईसच्या टिप ओनीलची सरासरी तेव्हा ०.४९२ जाहीर झाली. वॉक काढून टाकल्यावर आजच्या नोंदीत ती ०.४३५ आहे. माणूस तोच, उन्हाळा तोच.

शून्यशेष
क्रिकेटच्या भाषेत, वाइडची अवांतर धाव फलंदाजाच्या खात्यावर जमा. आणि हिट मोजले तरी सगळे सारखेच मोजायचे, मग त्यावर एक बेस मिळो की चारही. १९१६ मध्ये ‘बेसबॉल मॅगझिन’च्या एफ. सी. लेनने हेच विचारलं होतं: खिशात किती पैसे आहेत असं विचारल्यावर कुणी फक्त नाण्यांची संख्या सांगतं का? आपल्या भाषेत चवली, पावली, अधेली आणि बंदा रुपया, सगळ्यांना ‘चार नाणी’ म्हणण्यासारखं. म्हणून नुसती सरासरी लिहिणं धोक्याचं.

खडूफळा
चवली दोन आणे, पावली चार, अधेली आठ, रुपया सोळा. दर वेळी दुप्पट. बेसबॉलचे बेस एक, दोन, तीन, चार. उदाहरण चुकलं.

शून्यशेष
गुरुजी, उपमा होती ती.

दुपारचा चहा
मंडळी, ‘अ‍ॅट बॅट’? मी ‘पाळी’ लिहिलं होतं. ‘बार्न्सला ३२२ पाळ्या मिळाल्या.’ संपादकांनी लाल रेघ मारून बाजूला तीन उद्गारचिन्हं काढलीत.

मोडीवाचक
काय चूक आहे? आळीपाळीने, पहिली पाळी, रात्रपाळी. एका अर्थाने घाबरून भाषेने किती शब्द सोडायचे?

बेस नंबर दोन
भाषेने नका सोडू, पण ‘३२२ पाळ्या’ हे वाक्य बायकांना मोठ्याने वाचून दाखवा आणि मग सांगा.

खाडीपलीकडची
‘डाव’ म्हणा. लहानपणी “आता माझा डाव” म्हणायचोच की.

शून्यशेष
डाव म्हणजे इनिंग. सासरे पुन्हा चष्मा वर करतील.

वऱ्हाडी ठेचा
‘वेळा’ लिहा. ‘३२२ वेळा उभा राहिला.’ ताईंनी वरती तेच लिहिलंय, कोनाच्याच ध्यानात आलं नाही.

मोडीवाचक
‘वेळा’ हे क्रियाविशेषण होतं, नाम नाही. तक्त्याच्या मथळ्यात काय लिहाल, ‘वेळा’? दवाखान्याची पाटी वाटेल. मी ‘टोलेवारी’वर ठाम आहे. विटीदांडूत वकट, लेंड, मूंड मोजायचो, ते आकडे तेलुगू-कानडी वळणाचे. तेव्हा कुणी शुद्धतेचं विचारलं नाही.

बेस नंबर दोन
आमच्याकडे ‘वकट’ नव्हतं, ‘आबक-दुबक’ होतं. आणि तेच तर म्हणतेय मी! उसनं चालतं, मग ‘हिट’ का नाही?

खडूफळा
‘लेंड’ की ‘रेंड’? आमच्याकडे रेंड.

दुपारचा चहा
संपादकांचा फोन येऊन गेला, आज संध्याकाळी मजकूर हवा. मी ‘बॅटिंग अ‍ॅव्हरेज’ तसंच ठेवून पहिल्या वेळी कंसात ‘हजार संधींमागे ४२९ हिट’ असं टाकलंय. मोडीवाचक, माफ करा. सासऱ्यांना मात्र आता वेगळंच पडलंय: पुढच्या वर्षी बार्न्सचं काय झालं?

खाडीपलीकडची
आपटला बिचारा. त्याचा हुकमी फटका असा होता की चेंडू रेषेच्या आत टप्पा घ्यायचा आणि मग रेषेबाहेर पळायचा. १८७६ पर्यंत तो वैध होता. क्षेत्ररक्षक तो शोधत बाहेर धावेपर्यंत हा बेसवर. १८७७ ला नियम बदलला, तसला चेंडू फाउल ठरू लागला. त्यात तो आजारीही होता. ०.२७२.

वऱ्हाडी ठेचा
सत्तावीस पैसे? टँकर लावा लवकर.