पैसा मर्यादित असेल तर मुलांसाठी आधी कुठे घालायचा? शाळेत, घरात, की शाळेच्याही आधी?

खिडकीजवळची

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून इथे विचारते.

मी संध्याकाळी मुलांना वाचायला शिकवते. चौथी-पाचवीची मुलं आहेत, एकाच बाकावर बसतात, पुस्तक एकच. एक जण धडा घडाघडा वाचून मोकळा होतो आणि शेजारचा पहिल्या ओळीवर बोट ठेवून बसलेला असतो, जोडाक्षर आलं की बोट थांबतं आणि तो माझ्या तोंडाकडे बघतो. दोघांची हजेरी चांगली, बोलायला लागले की दोघंही चलाख. पण एकाच्या घरी लहानपणापासून कुणीतरी गोष्टी सांगत होतं आणि दुसऱ्याच्या घरी सगळे कामावर, घरात बोलायलाच कुणी नाही.

तर प्रश्न असा, की सरकार कुठलंही असो, पैसा कमीच पडणार हे धरून चालू. मग सुरुवात कुठून करायची? शिक्षक आणि पुस्तकं? गरीब घरांना थेट पैसे? की शाळेत यायच्या आधीची वर्षं? यावर बरेच अभ्यास झालेत असं ऐकते. प्लीज सविस्तर लिहा, आणि ‘सगळंच महत्त्वाचं आहे’ हे उत्तर नको, ते मलाही माहितीये.

आकडेमोड

माझं मत स्पष्ट आहे, पहिली पाच वर्षं.

जमैकाचा अभ्यास बघा. १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली १२९ मुलं घेतली, वय ९ ते २४ महिने, सगळी कुपोषणामुळे वाढ खुंटलेली. काही मुलांच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर जायची, दोन वर्षं. करायची काय, तर रिकाम्या बाटल्या-खोक्यांपासून बनवलेली खेळणी न्यायची, आईला मुलाशी खेळायला बोलायला लावायची, खेळणं तिथेच ठेवून यायची आणि पुढच्या वेळी बदलायची. बस. वीस वर्षांनी त्याच मुलांना शोधून काढलं तर ज्यांच्या घरी ती बाई जात होती त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त! आणि ज्यांना नुसता पूरक आहार दिला होता त्यांच्या कमाईत असा फरक दिसला नाही. मला तरी यात सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते की शिकवलं आईला. सेविका निघून गेल्यावरही आई घरात होतीच ना.

दुसरं अमेरिकेतलं पेरी प्रीस्कूल. १९६२ ते ६७, मिशिगन राज्य, गरीब घरातली १२३ कृष्णवर्णीय मुलं, त्यातली निम्मी तीन-चार वर्षांची असताना बालवर्गात आणि शिवाय शिक्षिका दर आठवड्याला घरी. बुद्ध्यांक आधी वाढला आणि थोड्याच वर्षांत फरक पुसला गेला, त्यामुळे मध्येच कुणी मोजलं असतं तर म्हटलं असतं पैसे वाया गेले. पण चाळिशीपर्यंत पाठपुरावा केला तेव्हा कमाई जास्त, अटकेचं प्रमाण कमी. अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांच्या गटाने या खर्चाचा परतावा वर्षाला ७ ते १० टक्के काढलाय. समाजाला इतका परतावा देणारे खर्च फार नसतात.

खडूफळा

मी शिक्षक आहे. वरचं पटतं, पण त्यातून एक भलताच निष्कर्ष निघतो की पाच वर्षांनंतर गाडी सुटली. मग ताईंच्या बाकावरच्या त्या मुलाला काय सांगायचं? तो आज दहा वर्षांचा आहे.

आणि बालवर्ग काढला की काम झालं असंही नाही हो. अमेरिकेतच टेनेसी राज्याने सरकारी बालवर्ग चालवले, त्यांचा मोठा अभ्यास झाला, २०२२ मध्ये सहावीपर्यंतचे निकाल आले आणि बालवर्गात गेलेली मुलं न गेलेल्यांपेक्षा मागे निघाली. मागे! तेव्हा पाटी लावण्यापेक्षा आत काय चालतं ते बघायला हवं.

आता शाळेत पैसा कसा वाया जातो त्याबद्दल. केनियात मुलांना पाठ्यपुस्तकं फुकट वाटली आणि नीट तुलना करून बघितलं. फायदा झाला फक्त आधीपासून वर्गात पुढे असलेल्या मुलांना. कारण पुस्तकं इंग्रजीत, बहुतेकांना ती वाचताच येत नव्हती. वाटप शंभर टक्के, कागदोपत्री योजना यशस्वी, आणि मागच्या बाकावरचं पोर आहे तिथेच. हे वाचल्यावर मी कितीतरी दिवस अस्वस्थ होतो, कारण अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी असाच बनतो, पुढच्या चार मुलांना डोळ्यासमोर ठेवून, आणि शिक्षकावर पोर्शन संपवायचं प्रेशर एवढं असतं की मागे राहिलेल्यासाठी थांबला तर त्यालाच बोलणी बसतात.

ज्याने फरक पडतो ती गोष्ट ऐकायला अगदी साधी आहे. मूल कुठल्या इयत्तेत आहे ते विसरा, त्याला काय येतं ते बघा. ‘प्रथम’ नावाची शिक्षणात काम करणारी स्वयंसेवी संस्था आहे, तिची पद्धत हीच. एकेका मुलाला जवळ बसवून तपासायचं, अक्षर येतं का, शब्द, परिच्छेद, गोष्ट, त्यावरून गट पाडायचे आणि रोज ठरावीक वेळ त्या पातळीपासून शिकवायचं. तिसरी, चौथी, पाचवीची मुलं एका गटात बसली तरी बिघडत नाही. उत्तर प्रदेशात अशी शिबिरं घेतली तेव्हा परिच्छेद किंवा गोष्ट वाचू शकणाऱ्या मुलांचं प्रमाण तुलनेच्या शाळांपेक्षा जवळपास दुप्पट झालं. झांबियाने हीच पद्धत सरकारी शाळांत नेली. खर्च कमी आहे, पण आठवडाभराच्या वेळापत्रकातून रोजचा तास काढून द्यावा लागतो आणि घोडं नेमकं तिथेच अडतं.

दुपारपाळी

तुम्ही दोघंही मूल शाळेत किंवा बालवर्गात आलंय असं धरून बोलताय. ज्या घरात पोराने कमावलं नाही तर महिना निघत नाही तिथे काय?

मेक्सिकोने १९९७ मध्ये प्रोग्रेसा नावाची योजना काढली. पैसे थेट आईच्या हातात, अट एवढीच की मूल ८५ टक्के दिवस शाळेत दिसलं पाहिजे आणि आरोग्य तपासण्या व्हायला पाहिजेत. माध्यमिकला मुलींसाठी रक्कम मुलांपेक्षा जास्त ठेवली कारण गळती त्यांचीच जास्त होती. माध्यमिक शाळेत जाणाऱ्यांची, त्यातही मुलींची संख्या खरोखर वाढली. खडूफळा सर म्हणतील हजेरी वाढली म्हणजे शिकली असं नाही, आणि ते बरोबर आहे, परीक्षेतल्या गुणांवर तेवढा परिणाम दिसला नाही. पण जी मुलगी वर्गातच नाही तिची पातळी तपासणार कशी?

अट घालावी की नाही यावर मलावीतला अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. काही मुलींना शाळेच्या अटीवर पैसे दिले, काहींना बिनअट. शाळा टिकण्याच्या बाबतीत अटवाल्या मुली पुढे राहिल्या. पण लहान वयातलं लग्न आणि गरोदरपण बिनअट गटात कमी झालं, कारण ज्या मुलींची शाळा सुटलीच होती त्यांनाही पैसे मिळत राहिले. अट घातली की सगळ्यात अडचणीत असलेली मुलगीच यादीतून कटते, धोरण आखणाऱ्यांनी हे कागदावर लिहून समोर ठेवलं पाहिजे!!

आणि गरिबी हटत नाही असं कुणी म्हणू नका. अमेरिकेत २०२१ मध्ये मुलांमागे मिळणारी करसवलत वाढवली, वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत दरमहा पैसे खात्यात आले. मदत धरून मोजलेली बालगरिबी ५.२ टक्क्यांवर आली. ती वाढीव सवलत आणि कोविड काळातली बाकीची मदत थांबली, २०२२ मध्ये आकडा १२.४ टक्के. एका वर्षात! मुलं तीच, आईबाप तेच, धोरण तेवढं बदललं.

आकडेमोड

टेनेसीचा मुद्दा मान्य. म्हणूनच मी जमैका आधी लिहिलं, तिथे वर्ग नव्हताच. पेरीतही घरभेटी होत्या. नंतर योजना मोठी करताना नेमका तो महागडा, माणसं लागणारा भाग गाळला जातो आणि उरतो नुसता वर्ग.

आणि गाडी सुटली असं मी म्हणत नाहीये सर. अमेरिकेतच १९९४ पासून पाच शहरांत गरीब वस्तीतल्या काही कुटुंबांना सोडत काढून चांगल्या वस्तीत घरभाड्याची मदत दिली होती. तेरा वर्षांच्या आत वस्ती बदललेल्या मुलांची पंचविशीतली कमाई सुमारे ३१ टक्के जास्त निघाली. मोठ्या वयात हललेल्यांना तो फायदा दिसला नाही. म्हणजे खिडकी पाचव्या वर्षी बंद होत नाही, पण कायम उघडीही राहत नाही.

खिडकीजवळची

खूप खूप आभार सगळ्यांचे, तीनदा वाचलं. अटीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

माझ्या हातात धोरण नाही, एक खोली आणि काही मुलं आहेत. खडूफळा सर, अक्षर-शब्द-परिच्छेदवाली तपासणी मी एकटीने केली तर चालेल का? ट्रेनिंग लागतं का काही?

खडूफळा

बिनधास्त करा. एका मुलाला पाचेक मिनिटं पुरतात. सगळ्यांसमोर घेऊ नका, एकेकाला बाजूला बसवा, चुकलं तर दुरुस्त करू नका, फक्त कुठे अडतंय ते टिपून ठेवा. परिच्छेद जमला नाही तर खाली या, शब्द द्या, तेही नाही तर अक्षरं. जिथे सहज जमतंय तिथून दुसऱ्या दिवशी सुरुवात. महिन्याने परत तपासा आणि गट बदला, कुणालाही कायमचा ‘खालच्या गटातला’ करू नका.

आणि त्याआधी एक करा, त्या मुलाला फळ्यापासून लांब बसवून लांबची अक्षरं दिसतात का ते बघा, आणि पुस्तक डोळ्याला चिकटवून किंवा डोळे बारीक करून वाचतो का तेही. चीनच्या ग्रामीण शाळांत दृष्टी अधू असलेल्या मुलांना फुकट चष्मे दिले तर गणिताचे गुण वाढले होते. त्यातल्या बहुतेकांकडे तोवर चष्मा नव्हताच.