नवीन पदवीधर घेताना नेमकं काय बघितलं जातं? (अनुभव धागा, नाशिक)

माझा भाचा यंदा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. मुलाखतीचं नाव काढलं की त्याचं जेवणातलं लक्ष उडतं. मी शाळेत शिकवते, कारखान्यातलं मला काही कळत नाही. अंबड, सातपूर, सिन्नरकडे माणसं घेणाऱ्यांनी आणि नुकत्याच लागलेल्यांनीही लिहा. सल्ल्यापेक्षा प्रत्यक्ष घडलेलं सांगा.

जॉबवर्कवाला, अंबड
माझं छोटं युनिट आहे, चार सीएनसी आणि दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी कटिंग मशीन). वर्षाला दोन-तीन नवी मुलं घेतो. मार्कशीट शेवटी बघतो. आधी एक ड्रॉइंग आणि पीस हातात देतो. टेबलावर व्हर्नियर, बोअर गेज (भोकाचं आतलं माप बारकाईनं घेणारं), प्लग गेज ठेवलेले असतात. ड्रॉइंगवर भोक 'व्यास २० एच७', म्हणजे माप २०.००० ते २०.०२१ मिमीच्या आत हवं. हा आकडा पाठ असावा अशी माझी अपेक्षा नाही. पण पोरगं व्हर्नियर उचलतं तेव्हा जीव हळहळतो. ज्याचं लीस्ट काउंटच (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी आहे, त्यानं एकवीस मायक्रॉनची (०.०२१ मिमी) सूट कशी मोजणार?

गेल्या वर्षी एक मुलगी आली होती. म्हणाली, "सर, एच७ चा आकडा आठवत नाही, चार्ट मिळेल का? आणि व्हर्नियरनं हे होणार नाही, बोअर गेज घेते." माप घ्यायच्या आधी तिनं भोकाच्या कडेला बर (कापताना उरलेली धारदार कड) आहे का ते बोटानं चाचपलं आणि आतून पुसून घेतलं. तिथेच माझं ठरलं. नंतर कळलं, वडिलांचं लेथचं दुकान आहे, सुट्टीत तिथे बसायची. पासष्ट टक्केवाली ती मुलगी आज आमच्याकडे फर्स्ट पीस तपासून सही करते.

विकत आणलेला प्रोजेक्ट दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो. त्याचं मला खरंच वाईट वाटतं. चार वर्षांत स्वतःच्या हातानं काही बनवायची तेवढीच एक वेळ असते.

सीए ऑफिस, शरणपूर रोड
बी.कॉम.च्या मुलांना मी खरेदीचं रजिस्टर आणि जीएसटीआर-२बी (विक्रेत्यांनी जीएसटीत दाखवलेल्या बिलांची यादी) देते. न जुळणारी बिलं काढा, अर्धा तास. आमच्याकडे टू-बी १४ तारखेला येतं, थ्री-बी (महिन्याचं जीएसटी विवरणपत्र) २० ला भरायचं असतं. मधल्या दिवसांत हेच काम चालतं. एकाला अकरापैकी आठच बिलं सापडली, पण एका बिलाशेजारी त्यानं लिहिलं होतं, 'जीएसटी नंबरात एक अक्षर चुकलेलं वाटतंय, पार्टीला विचारावं लागेल.' त्याला घेतलं.

मायक्रोवाली (मायक्रोबायोलॉजी)
पहिल्या मुलाखतीत मी इंग्रजीत अडखळले आणि पाच मिनिटांत बाहेर आले. घरी येऊन खूप रडले. दोन महिन्यांनी दिंडोरी तालुक्यात द्राक्ष निर्यातीच्या पॅकहाऊसवर गेले. तिथे विचारलं, "ब्रिक्स (द्राक्षातल्या साखरेचं माप) कमी लागला, माल परत पाठवायचाय. शेतकऱ्याला कसं सांगशील?" मी म्हटलं, "दादांना शेजारी उभं करून पुन्हा मोजेन. घडाच्या वरच्या मण्याची आणि शेंड्याच्या मण्याची गोडी सारखी नसते, म्हणून दोन्हीकडचे मणी त्यांच्यासमोर घेईन. गोडी मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर आधी पाण्यावर शून्य करून त्यांनाच बघायला देईन." मग एवढंच विचारलं की सीझनमध्ये रात्रपाळी जमेल का.

मुसळगावचा (सिन्नर) अप्रेंटिस
मी २०२२ ला पदवीधर अप्रेंटिस म्हणून लागलो. २०१९ च्या नियमांप्रमाणे किमान विद्यावेतन महिना ९,००० होतं, तेवढंच मिळायचं. सातची शिफ्ट, म्हणून नाशिकच्या द्वारकेहून पहाटेच निघायचो. आठ जणांतून तिघांना कायम केलं. मी तिसऱ्या महिन्यात मशीनमध्ये ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) चुकीचा टाकून सहा पीस घालवले होते. ते बाजूला काढून, लाल टॅग लावून मी स्वतः सुपरवायझरला बोलावलं. वर्षअखेरीला त्यांनी माझ्याबद्दल हीच गोष्ट मॅनेजरला सांगितली.

धागा काढणारी
सगळं भाच्याला वाचून दाखवलं. तो प्रॅक्टिकलच्या वह्या काढून बसलाय. बोअर गेज त्यानं फक्त कपाटात बघितलाय म्हणे. अंबडच्या दादांच्या युनिटवर एकदा आला तर चालेल का?

जॉबवर्कवाला, अंबड
ताई, पाठवा की. दुपारी तीनला शिफ्ट बदलते, तेव्हा या. चप्पल नको, बूट घालून यायला सांगा.