रेवाचा यूसीचा अर्ज : ढोल की टिळक?

नमस्कार मंडळी,

रेवाचं यंदा सिनियर इयर, म्हणजे बारावी. यूसीचा (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा) अर्ज भरतोय आणि घरात महाभारत चालू आहे. तिने ढोलपथकावर निबंध लिहिला, तो तिच्या बाबांनी "जरासा सुधारला". आता त्यात १८९३ साल आहे, लोकमान्य टिळक आहेत, रेवा शेवटच्या दोन ओळींत येते. शिवाय मराठी शाळेच्या बाईंनी प्रेमाने शिफारसपत्र दिलंय, ते कुठे जोडायचं? आणि एसएटी या प्रवेश परीक्षेचे १५२० कुठे टाकायचे? अर्जात दोन्हीला जागाच सापडत नाही.

– रेवाची आई, फ्रीमाँट

---

वहिनी,

जागा सापडत नाही, कारण ती नाहीच. यूसी प्रवेशासाठी एसएटी बघत नाही. शिफारसपत्रही नको; यूसीचं बर्कली कॅम्पस काही मुलांकडे मागाहून मागतं, तेव्हाच द्यायचं. बाईंना आमचा नमस्कार सांगा आणि पत्र जपून ठेवा, खाजगी कॉलेजांना लागेल.

एकाच अर्जात नऊही कॅम्पसवर टिचक्या मारता येतात. पण दर कॅम्पसला ८० डॉलर. आमच्या धाकट्या कन्येने सगळ्यांवर मारल्या, ७२० डॉलर गेले, आणि त्यातल्या तीन गावांत तिला राहायचंच नव्हतं.

खरी गोम ग्रेड्समध्ये आहे. अर्जाबरोबर ट्रान्सक्रिप्ट (शाळेचं गुणपत्रक) जात नाही, मुलं ग्रेड्स स्वतः भरतात. जीपीएत, म्हणजे ग्रेड्सच्या सरासरीत, नववीचे धरत नाहीत, तरी भरावे लागतात. मोठीने केमिस्ट्रीचं एक सेमिस्टर आठवणीने भरलं. ए लिहिला, होता बी. प्रवेश मिळाल्यावर खरं ट्रान्सक्रिप्ट जातं, तेव्हा हा घोळ उघडा पडला असता. बायकोच्या लक्षात आलं म्हणून आधीच कळवून निस्तरला. तेव्हा ट्रान्सक्रिप्ट शेजारी ठेवून भरा, आणि भरताना टीव्ही बंद.

शेवटची तारीख नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आसपास येते, नेमकी पोर्टलवर बघा. टर्कीच्या रात्री बसू नका. आम्ही बसलो होतो.

– सॅन रॅमोनचे काका

---

काकू, मी यूसी डेव्हिसला सेकंड इयरला आहे, मराठी टायपिंग सांभाळून घ्या.

पीआयक्यूमध्ये, म्हणजे यूसीच्या अर्जातल्या निबंधांमध्ये, आठ प्रश्नांपैकी चार निवडायचे असतात आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त ३५० शब्द. त्यातले २०० टिळकांना दिले तर रेवाला काय उरलं? वाचणाऱ्याला गणेशोत्सवाचा इतिहास नकोय, रेवाने काय केलं ते हवंय.

आणि तिने केलंय! पार्किंग लॉटमधली प्रॅक्टिस आठवते? शेजारच्या आजोबांनी आवाजाची तक्रार केली, तेव्हा आम्ही मोठी मुलं नुसती चिडलो. रेवा दहावीत होती. ती गॅरेजवाल्याकडून अकरा जुने टायर मागून घेऊन आली आणि म्हणाली, दीड तास टायरवर वाजवू, शेवटची वीस मिनिटं ढोलावर. आधी आम्ही हसलो. पण टायरवर टिपरू उसळून परत येतं, त्यामुळे नवीन मुलांचा हात लवकर बसला. मग तिने त्या आजोबांना मिरवणुकीचं आमंत्रण दिलं, ते आले, आणि कानात कापूस घालून पुढच्या रांगेत उभे राहिले. हे तिने कुठे लिहिलंय का? कम्युनिटीसाठी काय केलं, असा एक प्रश्न आहेच, त्यात अगदी बसतं.

इंग्रजीसुद्धा तिचंच राहू दे. रेवाच्या बाबांना सॉरी, पण सतरा वर्षांची मुलगी "सांस्कृतिक वारशाची धुरा" वाहत नाही.

– पथकातली ताशेवाली

---

सगळ्यांचे आभार.

टायर तिने लिहिलेच नव्हते. "त्यात काय लिहायचं?" म्हणे. काल रात्री नव्याने लिहून तिने वाचून दाखवलं, ३४६ शब्द झाले. बाबा बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "चार शब्द उरलेत ना? लोकमान्य..." रेवाने लॅपटॉप मिटला.

रविवारची प्रॅक्टिस चार वाजता. टायर आमच्या गॅरेजमध्ये आहेत, बाबा आणतील.

– रेवाची आई