रमोन्स: डॉक्युमेंटरी पाहावी की नुसती गाणी ऐकावीत?

नादखुळा:
एके काळी रमोन्स, म्हणजे न्यूयॉर्कचा तो पंक रॉक बँड, तोंडपाठ होते. मग मधली बरीच वर्षं त्यांचं काहीच ऐकलं नाही. परवा त्यांच्यावरची डॉक्युमेंटरी ‘एंड ऑफ द सेंच्युरी’ (२००३, दिग्दर्शक जिम फील्ड्स आणि मायकल ग्रामाग्लिया) पाहिली आणि तेव्हापासून घरात दुसरं काही वाजत नाहीये.

माझं स्पष्ट मत आहे की ही फिल्म पाहिल्याशिवाय रमोन्स अर्धेच कळतात. गायक जोईची मैत्रीण लिंडा गिटारवादक जॉनीकडे गेली, पुढे त्या दोघांनी लग्न केलं. तिथून जो अबोला पडला तो सुटलाच नाही. तरी १९९६ पर्यंत दोघं एकाच व्हॅनमधून फिरत राहिले. बँडचे एकूण कार्यक्रम २,२६३! २००१ मध्ये जोई कॅन्सरने गेला. त्याला शेवटचा फोनसुद्धा केला नाही, हे जॉनी कॅमेऱ्यासमोर सरळ सांगतो. ऐकताना अंगावर काटा आला. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं रात्री स्टेजवर इतकी एकजीव वाजायची, हे कळल्यावर ती गाणी पहिल्यासारखी ऐकूच येत नाहीत.

बी-साइड:
साफ असहमत. पहिला अल्बम १९७६चा. १४ गाणी, अर्ध्या तासाच्या आत खेळ खलास, खर्च साधारण ६,४०० डॉलर. लिंडाचं प्रकरण त्यानंतर काही वर्षांनी घडलं. पुढच्या भांडणाचं दुःख तुम्ही मागच्या गाण्यांना का चिकटवताय?

ऐकायचंच असेल तर जॉनीचा उजवा हात ऐका. तार छेडायची ती फक्त वरून खाली, परत वर येताना नाही. गिटार घेऊन त्या वेगात दोन मिनिटं करून बघा, मनगट भरून येतं. तो करवतीसारखा सलग आवाज तिथून येतो. कोण कोणाशी बोलत नव्हतं, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

अनवाणी:
मला फिल्मने जोई दिला, लिंडाचं प्रकरण बाजूला ठेवा. त्याला ओसीडी होता, म्हणजे त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मानसिक आजार. एकच वस्तू परत परत शिवायची, पायऱ्या पुन्हा चढायच्या-उतरायच्या. आमच्या घरात हा आजार आहे, त्यामुळे दाराबाहेर पडायलाच किती वेळ जातो हे रोज बघते. असा माणूस बावीस वर्षं गावोगाव हिंडून गायला. हे नुसत्या गाण्यांतून मला कधीच कळलं नसतं.

नादखुळा:
+१ अनवाणी.
बी-साइड, तारखा बरोबर आहेत, पण मी कार्यक्रमांबद्दल बोलतोय. अबोला पडल्यानंतर दहा-बारा वर्षांहून जास्त काळ त्यांनी स्टेज सोडलं नाही. ती वर्षं गाळून हा बँड समजून कसा घ्यायचा?

बी-साइड:
ती वर्षं निभावली ती जॉनीच्या शिस्तीवर. त्याच्या लेखी बँड म्हणजे नोकरी होती, वेळेवर जायचं आणि चोख वाजवायचं. त्यात मला शोकांतिका दिसत नाही, उलट आदर वाटतो.

आणि टॉमीचं काय? आधी ड्रमर, शिवाय पहिल्या तीनही अल्बमच्या निर्मितीत त्याचा हात. १९७८ मध्ये तो ड्रमवरून उठला. तो आवाज स्टुडिओत कसा घडला, एवढ्यावरच कोणी दोन तासांची फिल्म केली तर पहिल्या दिवशी बघेन. भांडणांवरची मात्र पुन्हा बघणार नाही.