स्नायुतंतू ‘वाढतात’ की ‘भरतात’?

गोदाकाठ:
नाशिकमधल्या एका व्यायामशाळेच्या भिंतीवर लावायचा फलक मराठीत करायचा आहे. एका वाक्यावर गाडी अडली आहे: ‘ताकदीच्या व्यायामाने शीघ्र स्नायुतंतू वाढतात.’ एकाने वाचून अर्थ काढला, तंतूंची संख्या वाढते. दुसऱ्याने काढला, जाडी वाढते. बरोबर अर्थ जाडीचा. माणसात व्यायामाने नवे तंतू तयार होतात असा पक्का पुरावा नाही. आहे तोच तंतू आत प्रथिने रचत जाड होतो. शीघ्र तंतू (पटकन आकुंचन पावणारे) मंद तंतूंपेक्षा (सावकाश आकुंचन पावणारे) जास्त जाड होतात, एवढेच सांगायचे आहे. शिवाय ‘मंद’ म्हटले की बुद्धी आठवते. पर्याय सुचवा.

अनुस्वार:
‘अतिवृद्धी’ हा शब्द वैद्यकात रुळलेला आहे. तोच घ्या.

लालमाती:
नको. प्रोस्टेटची अतिवृद्धी ऐकलेला माणूस फलक वाचून आजारच समजेल. आपल्याकडे ‘भरणे’ आहे की! दंड भरले, मांड्या भरल्या. नग तेवढेच, भरीव झाले. मात्र फलकावर क्रमही द्या. पहिल्या तीन-चार आठवड्यांत वजन जास्त उचलता येते ते मुख्यतः मज्जासंस्था तंतूंना नीट कामाला लावायला शिकते म्हणून. जाडी डोळ्यांना दिसायला त्याहून बराच वेळ लागतो. आधी ताकद येते, मग अंग भरते. हे न कळल्यामुळेच पुष्कळ जण महिन्याभरात व्यायाम सोडतात.

अनुस्वार:
सुटलेल्या पोटालाही ‘अंग भरले’ म्हणतात. संज्ञेला एकच अर्थ हवा.

शब्दवेडी:
एकच अर्थ हवा असेल तर ‘स्नायू’पासूनच सुरुवात करावी लागेल. सुश्रुतसंहितेत पेशी ५०० आणि स्नायू ९०० मोजले आहेत, आणि तिथे मांसाची ती पेशी. स्नायू म्हणजे बांधणारे, सांध्यांना आवळून धरणारे. हिंदीत आजही मांसपेशीच म्हणतात. मराठीत स्नायू मांसावर आला आणि पेशी सूक्ष्मदर्शकाखाली गेली. गंमत अशी की स्नायुतंतू ही स्वतःच एक लांबलचक पेशी असते, एकीत शेकडो केंद्रके असलेली. म्हणजे ‘स्नायुपेशी’ आणि ‘स्नायुतंतू’ एकच. फलकावर दोन्ही शब्द आले तर वाचणाऱ्याला त्या दोन वस्तू वाटतील. एकच ठेवा.

गोदाकाठ:
तंतू ठेवतो. शीघ्र-मंदचे काय?

लालमाती:
चपळ आणि चिवट.

शब्दवेडी:
जोडी कानाला गोड आहे, पण दोन शब्द दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. चपळ वेगावर बोलतो, चिवट दमावर. आणि खरी अडचण मधल्या प्रकाराची. माणसात ठोकळमानाने तीन प्रकार धरतात: एक (मंद), २ए आणि २एक्स (दोन्ही शीघ्र). २एक्स सर्वांत वेगवान, पण लगेच थकणारा. नियमित जड व्यायामाने २एक्सचे तंतू ‘२ए’ प्रकाराकडे झुकतात, म्हणजे वेग थोडा कमी, दम जास्त. व्यायाम काही महिने बंद झाला की २एक्सचे प्रमाण परत वाढते. पण प्रकार एकचा तंतू वजने उचलून प्रकार दोनचा झाला, असे ठामपणे म्हणता येत नाही. म्हणून ‘चिवटाचे चपळ होतात’ असे वाक्य फलकावर गेले तर ते चूक ठरेल.

लालमाती:
मग ‘दमाचे’, ‘झटक्याचे’ आणि मधले ‘दोन्हीचे’.

पोटरी:
‘झटक्याचे’ अजिबात नको. वजन झटक्याने उचलू नका, हे शिकवण्यात निम्मी तालीम जाते. फलकावर ‘झटका’ वाचला की पोरे पाठ वाकवून बार हिसकतील. मोठे तंतूसमूह, म्हणजे एकाच चेतापेशीच्या हुकमावर चालणारे तंतूंचे गट, कामाला लागतात ते झटक्यामुळे नव्हे, गरजेमुळे. छोटे आधी, मोठे शेवटी, असा क्रम ठरलेला असतो. एकदाच जेमतेम उचलता येईल अशा वजनाच्या ८५ टक्के घ्या, पाच वेळा उचला, मध्ये तीन मिनिटे थांबा. बार हळू सरकेल, तरी आतले मोठे समूह कामाला लागलेले असतात. हलके वजनही चालते, पण मग पुढची खेप जवळजवळ निघणार नाही इथपर्यंत नेले पाहिजे.

अनुस्वार:
‘खेप’ कशाला? ‘आवर्तन’ शुद्ध आहे.

पोटरी:
नाशिकमध्ये आवर्तन गंगापूर धरणातून सुटते. ‘पाच आवर्तने’ वाचून शेतकऱ्याचा मुलगा कालवा आठवेल. जोर-बैठका आपण वेळांनीच मोजतो. ‘पाच वेळा’ लिहा, संपले.

अनुस्वार:
रोजच्या वापरातला अर्थ आडवा येतो म्हणून शब्द टाकत गेलो तर मराठीत एकही संज्ञा उरणार नाही. संगीतातही आवर्तन आहे, तिथे कुणी कालवा शोधत नाही.

गोदाकाठ:
फलकाच्या तळाशी दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याबद्दल एक ओळ आहे. तिथे ‘अंग आंबते’ लिहिले होते. तपासणाऱ्याने खोडले, म्हणाला, आम्ल साचते ही जुनी चूक या शब्दामुळेच पसरते.

शब्दवेडी:
आम्लाची समजूत चूक आहे, हे खरे. ज्याला लोक साचलेले आम्ल समजतात ते लॅक्टेट व्यायामानंतर तासाभरात बव्हंशी निघून जाते, आणि दुखणे टिपेला पोचते २४ ते ७२ तासांनी. कारण मुख्यतः स्नायू ताणला जात असताना भार पेलल्याने तंतूंना होणारी बारीक इजा. पांडवलेणी चढताना धाप लागते, पण मांड्या दुखतात त्या उतरण्यामुळे. तरीही शब्द खोडू नका. ‘आंबणे’ आम्लाच्या कुळातला असला तरी मला तो पिठावरून अंगावर आलेला वाटतो. पीठ भिजवल्या भिजवल्या आंबत नाही, रात्र जावी लागते. दुखण्याची वेळ या शब्दाने बरोबर पकडली आहे.

अनुस्वार:
पीठ आंबून फुगते, अंग आंबून ताठरते. उपमा बसत नाही.

लालमाती:
ताज्या इजेनंतर स्नायूला सूजही येतेच की. आणि दुपारभर ओझी वाहून संध्याकाळी ‘हात आंबले’ म्हणतात, तिथे कुठे रात्र गेली?

शब्दवेडी:
तिथे ‘भरून आले’ म्हणतात, ‘आंबले’ नव्हे.

पोटरी:
सिन्नर-निफाडकडे दोन्ही म्हणतात.