एसएसओ घ्यायचं की पासवर्ड मॅनेजर? ४२ माणसांचं क्लिअरिंगचं ऑफिस

डॉकडेस्क_फोर्ट
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. आमचं कस्टम क्लिअरिंगचं ऑफिस आहे, फोर्टला २८ जण आणि न्हावा शेव्याला १४. आयटीचा वेगळा माणूस नाही, अकाउंट्स बघता बघता हे सगळं माझ्याकडेच आलंय. मेल आणि ड्राइव्ह गूगल वर्कस्पेसवर, चॅट स्लॅकवर, गिऱ्हाइकांच्या नोंदींचं सीआरएम झोहोचं. बाकी मग कस्टम्सचं आइसगेट पोर्टल, सात-आठ शिपिंग लाइनच्या साइट, दोन सीएफएसची, म्हणजे कंटेनर यार्डांची, पोर्टलं, जीएसटी, ई-वे बिल, इन्कम टॅक्स, पीएफ, बँका.

सगळे पासवर्ड एका एक्सेलमध्ये आहेत. शीट ड्राइव्हवर आहे, आणि न्हावा शेव्याच्या मुलांनी तिचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवलाय कारण गेटवर उभं असताना नेट धड चालत नाही आणि शीट उघडत नाही. पासवर्ड बदलला की जुना फोटो जातो, नवीन फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो.

गेल्या महिन्यात डॉक्युमेंटेशनचा एक मुलगा सोडून गेला, चार वर्षं होता, चांगला मुलगा. त्याचा मेल मी त्याच दिवशी बंद केला. अकरा दिवसांनी त्याचाच फोन, "ताई, एका लाइनच्या डिलिव्हरी ऑर्डरचे ओटीपी अजून माझ्याच नंबरवर येतायत, आणि आत्ता बघितलं तर लॉगिनपण होतंय". त्याने स्वतःहून सांगितलं म्हणून कळलं. दुसरा कोणी असता तर? त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता दोन वेंडर येऊन गेले. एक म्हणतो एसएसओ लावा, म्हणजे एकाच लॉगिनने सगळी अ‍ॅप उघडतात, पासवर्डच संपले. दुसरा म्हणतो एसएसओ मोठ्या कंपन्यांचं काम, तुम्हाला सगळे पासवर्ड कुलपात ठेवणारा पासवर्ड मॅनेजर पुरे. साहेब म्हणतात दोन्हीतलं एकच घ्या. कुठलं घेऊ?

बीकेसी_नेटवर्क
एसएसओ, दुसरा विचारच करू नका. आमच्याकडे साडेतीनशे माणसं आहेत, मायक्रोसॉफ्टचं एन्ट्रा आयडी वापरतो, २०२३ पर्यंत ज्याला अ‍ॅझ्युअर एडी म्हणायचे तेच. माणूस गेला की एका ठिकाणी ब्लॉक केला की झालं. पासवर्ड मॅनेजरमध्ये त्याने पासवर्ड बघितलेला असतो, तो त्याच्या डोक्यातून कसा काढणार?

ठाणे_सर्व्हररूम
वरच्यांचं त्यांच्या ऑफिससाठी बरोबर आहे, पण ताईंची यादी परत वाचा. आइसगेट, जीएसटी, इन्कम टॅक्स, पीएफ. यातलं एक तरी पोर्टल तुमचं एसएसओ मानणार आहे का? एसएसओला दोन्ही बाजू तयार लागतात. तुमचा सर्व्हर सांगतो की हा माणूस आमचा आहे, आणि समोरचं अ‍ॅप त्याच्यावर विश्वास ठेवून आत घेतं. त्या बोलण्याची भाषा म्हणजे सॅमल, तिची २.० आवृत्ती २००५ ची, किंवा ओपनआयडी कनेक्ट, ते २०१४ चं. समोरच्याने ती सोयच दिली नसेल तर तुम्ही इकडे कितीही पैसे घाला, काही होत नाही. पासवर्ड मॅनेजरचं तसं नाही, समोरच्या साइटला पत्ताच नसतो की तुम्ही तो वापरताय, त्यामुळे तो सगळीकडे चालतो, अगदी जुनाट पोर्टलवरपण.

मी पूर्वी अशाच धंद्यातल्या एका ऑफिसचं काम बघायचो. त्यांनी आधी एसएसओ घेतलं, वर्षाचे पैसे भरले, आणि जोडायला बसल्यावर लक्षात आलं की रोज ज्यात काम होतं त्यातलं एकही पोर्टल जोडता येत नाही. एक्सेल शीट तशीच राहिली. म्हणून सांगतोय, कोणालाही पैसे द्यायच्या आधी कागद घेऊन बसा आणि सगळी लॉगिन लिहून काढा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा, एसएसओ चालतं का, हे लॉगिन एकाचं आहे का चौघं मिळून वापरतात, आणि ओटीपी कुणाच्या नंबरवर जातो. तिसरा रकाना सोडू नका, तुमच्या त्या मुलाचा घोटाळा तिथेच झालाय, आणि तो दोन्ही वेंडरपैकी कोणाच्याच सॉफ्टवेअरने थांबला नसता.

दुसरं म्हणजे गूगल वर्कस्पेसचे पैसे तुम्ही भरताच आहात, म्हणजे निम्मं एसएसओ तुमच्याकडे आत्ताच आहे. स्लॅक आणि झोहोला गूगलने साइन इन चालतं, अ‍ॅडमिन कन्सोलमधून सॅमलवाली अ‍ॅपपण जोडता येतात. आज जाऊन सगळ्यांना टू-स्टेप व्हेरिफिकेशन सक्तीचं करा, त्याला एक रुपया लागत नाही. फक्त 'गूगलने साइन इन' असलं की काम झालं असं समजू नका, त्याच अ‍ॅपमध्ये माणसाने वेगळा पासवर्ड करून ठेवला असेल तर मेल बंद केल्यावरही तो आत शिरू शकतो. ते बंद करायला सॅमलची सक्ती लागते आणि ती बऱ्याच कंपन्या महागड्या प्लॅनमध्येच देतात, स्लॅकमध्ये ती बिझनेस प्लसपासून पुढे. या प्रकाराला लोकांनी एसएसओ टॅक्स असं नाव ठेवलंय आणि मला हे मनापासून चुकीचं वाटतं, सुरक्षा ही गोष्ट लहान ऑफिसला परवडायलाच हवी.

आणि बीकेसीवाले, "ब्लॉक केला की झालं" हेही पूर्ण खरं नाही. अ‍ॅपमध्ये आधीच लॉगिन झालेलं असेल तर ते सेशन संपेपर्यंत चालू राहू शकतं, आणि एस्किम, म्हणजे माणूस काढला की अ‍ॅपमधलं अकाउंटही आपोआप बंद करणारी सोय, जोडलेलं नसेल तर त्या अ‍ॅपमधलं अकाउंट तसंच पडून राहतं, त्याचं लायसन्सचं बिलही येत राहतं.

ताई, तुमच्यासाठी माझं मत आधी पासवर्ड मॅनेजर.

बीकेसी_नेटवर्क
एस्किमचा मुद्दा मान्य. आमच्याकडे ते जोडलेलं आहे म्हणून मी गृहीत धरलं. पण डोक्यातल्या पासवर्डचं काय?

ठाणे_सर्व्हररूम
बदलायचा, दुसरा इलाज नाही. पासवर्ड लपवून फक्त भरू द्यायची सोय असते पण ती पक्की नाही, ब्राउझरमध्ये भरला गेला की थोडं येणारा माणूस तो काढू शकतो. फायदा एवढाच, आणि तो मोठा आहे, की कोणाकडे कुठली लॉगिन होती ते वॉल्ट, म्हणजे मॅनेजरमधली पासवर्डची तिजोरी, सांगतो, त्यामुळे नेमके तेवढे बदलता येतात आणि बदललेला बाकीच्यांकडे आपोआप पोचतो. फोटो फिरवायला नको. गेटवरच्या नेटचं म्हणाल तर बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरचं मोबाईल अ‍ॅप आधी लॉगिन करून ठेवलेलं असेल तर नेट नसतानाही वॉल्ट उघडून दाखवतं, बदल मात्र नेट आल्यावरच करता येतो. तुमच्या मुलांची अडचण खरी आहे, ती सुटली नाही तर ते फोटो काढणारच, त्यांना ओरडून उपयोग नाही.

सीए_दादर_पश्चिम
आमच्या ऑफिसमध्ये क्लायंटची शंभरेक जीएसटी लॉगिन आहेत, त्यामुळे थोडं अनुभवाचं सांगते. जिथे सब-युजर करता येतो तिथे पासवर्ड शेअरच करू नका. ई-वे बिलात सब-युजर करता येतात, आणि १ एप्रिल २०२५ पासून तिथे सगळ्यांना दोन पायऱ्यांचं लॉगिन सक्तीचं आहे, प्रत्येक सब-युजरचा ओटीपी त्याच्या स्वतःच्या नंबरवर जातो. माणूस गेला की त्याचा सब-युजर फ्रीझ करायचा, बाकी कोणाचं काम अडत नाही.

आणि डीएससी, म्हणजे डिजिटल सहीबद्दल कोणीच बोललं नाही. तुमच्याकडे नक्की साहेबांच्या सहीचं यूएसबी टोकन डॉक्युमेंटेशनच्या टेबलावर कुठल्यातरी सीपीयूला लावलेलं असणार आणि पिन चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली. मी दहा ऑफिसात हेच बघितलंय. ती साहेबांची सही आहे हो! आयटी कायदा २००० च्या कलम ४२ प्रमाणे ती ताब्यात ठेवायची जबाबदारी ज्याच्या नावावर आहे त्याचीच. ते टोकन कपाटात, कुलपात ठेवा, वापरलं की वहीत वेळ आणि नाव लिहा. इथे एसएसओही कामाचं नाही आणि पासवर्ड मॅनेजरही नाही.

डॉकडेस्क_फोर्ट
ताई, चिठ्ठी कीबोर्डखाली नाही, मॉनिटरच्या मागे चिकटवलेली होती. आत्ता काढली.
साहेबांना एकच भीती आहे, सगळे पासवर्ड एका कंपनीकडे ठेवले आणि तीच फुटली तर. लास्टपासचं नाव त्यांनी कुठेतरी वाचलंय.

ठाणे_सर्व्हररूम
भीती बरोबर आहे, ती घालवायची नाही, समजून घ्यायची. २०२२ मध्ये लास्टपासमधून गिऱ्हाइकांच्या वॉल्टचे बॅकअप चोरीला गेले. पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते पण साइटचे पत्ते उघडे होते, आणि ज्यांचा मास्टर पासवर्ड, म्हणजे वॉल्ट उघडायचा पासवर्ड, साधा होता त्यांचा वॉल्ट चोराला घरी बसून निवांत फोडता येण्यासारखा होता. म्हणून मास्टर पासवर्ड लांब हवा, चार-पाच एकमेकांशी संबंध नसलेले मराठी शब्द घ्या, आणि त्यावर टू-स्टेप. वनपासवर्ड या दुसऱ्या मॅनेजरमध्ये मास्टर पासवर्डच्या जोडीला ३४ अक्षरांची वेगळी सीक्रेट की असते, ती त्यांच्या सर्व्हरवर नसतेच, त्यामुळे नुसता वॉल्ट चोरून भागत नाही. ती की छापून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायची.

पण एसएसओवालेही सुटलेले नाहीत. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एसएसओ विकणाऱ्या ओक्टाच्या सपोर्ट सिस्टिममध्ये कोणीतरी शिरलं, गिऱ्हाइकांनी तपासायला पाठवलेल्या फाइलींमध्ये चालू सेशनचे टोकन, म्हणजे पासवर्ड न विचारता आत घेणारे पास, होते, तेच वापरले गेले. ज्यांच्या ते लक्षात आलं त्यात खुद्द वनपासवर्ड होती, ती ओक्टाची गिऱ्हाईक. साहेबांना हे दोन्ही सांगा. फुटणारच नाही अशी कंपनी शोधत बसले तर एक्सेल शीट आणखी दोन वर्षं तशीच राहील, आणि ती आत्ताच फुटलेली आहे, चौदा मोबाईलमध्ये.

अजून एक, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे असा काही प्रकार लक्षात आला की ६ तासांत कळवायचं असतं आणि १८० दिवसांचे लॉग, म्हणजे कोण कधी शिरलं त्याच्या नोंदी, ठेवायचे असतात. चौघं एकाच लॉगिनने शिरत असतील तर लॉगमध्ये काय दिसणार? कोणी केलं ते सांगताच येणार नाही.

डॉकडेस्क_फोर्ट
काल शनिवारी बसून यादी केली. ५३ लॉगिन निघाली, शीटमध्ये ३८ च होती. एसएसओ चालेल अशी फक्त ६. ओटीपीचा रकाना भरताना हात थरथरला, नऊ ठिकाणी सोडून गेलेल्या माणसांचे नंबर आहेत, त्यातला एक २०१९ ला गेलाय. ऑफिसच्या नावावर दोन सिमकार्ड घेतली, एक इथे आणि एक न्हावा शेव्याला, दोन्ही साध्या फोनमध्ये. त्या शिपिंग लाइनला नंबर बदलायला लेटरहेडवर साहेबांची सही लागते, ते पत्र उद्या सकाळी पाठवतेय. टू-स्टेप सगळ्यांना सक्तीचं केलं, सोमवारपर्यंत मुदत दिलीय. बिटवॉर्डनचं ट्रायल न्हावा शेव्याच्या तिघांना आधी देतेय, गेटवर चालतंय म्हणाले की बाकीच्यांना. चालू आहे तोवर फोटो काढायचा नाही असं तिघांनी कबूल केलंय.

सीए_दादर_पश्चिम
बँकांचं नेटबँकिंग पण बघा, तिथे मेकर-चेकर, म्हणजे व्यवहार टाकणारा आणि मंजूर करणारा, वेगळे करून मिळतात.

डॉकडेस्क_फोर्ट
हो, ते यादीत राहिलंच होतं. ५४.