कपडे गरम, पण दमट

ताई, ड्रायरमधून कपडे गरम निघतात पण दमट राहतात म्हणता, म्हणजे हीटर बहुतेक ठीक आहे. तो बदलायची घाई नको. ओली हवा बाहेर पडत नसणार. कपड्यांची लव अडवणारी जाळी तुम्ही साफ केलीच आहे, आता प्लग काढून हवा बाहेर नेणारा मागचा पाइप बघा: दुमडलाय का, आत लव साचलीय का. आमच्या बडोद्यात, दांडिया बाजाराकडच्या जुन्या घरांत, जागाच इतकी कमी की मशीन भिंतीला चिकटतं आणि पाइप चेपतो. कंडेन्सरवालं मशीन, म्हणजे ओल्या हवेतल्या वाफेचं आतच पाणी करणारं, असेल तर हा पाइप नसतो; खालचा कंडेन्सर निघत असल्यास काढून नळाखाली धुवा. ऑटोवर, म्हणजे कपडे वाळले की आपोआप थांबणाऱ्या सेटिंगवर, लवकर थांबत असेल, तर ड्रममधल्या ओल ओळखणाऱ्या धातूच्या पट्ट्या पुसा, त्यांवर सॉफ्टनरचा थर बसतो. आणि हो, वॉशिंग मशीनमध्ये धुताना स्पिन, म्हणजे पिळायचा वेग, मिनिटाला १००० फेऱ्यांच्या वर ठेवा. ४०० वर पिळलेली जीन्स ऐन श्रावणात कुठला ड्रायर वाळवणार?